विश्लेषण : फोनमधले नंबर अचानक गायब का होतात? ते परत कसे मिळवायचे?

नवा फोन घेतला, जुन्या फोनमधले सिम काढून त्यात घातले आणि पाहतो तर निम्मी नावे गायब. फोन वाजला की नावाऐवजी नुसते दहा आकडे. डॉक्टर, गॅसवाला, मुलीच्या शाळेची व्हॅन, गावाकडचे काका, यांच्यापैकी एकाचाही नंबर तोंडपाठ नाही. मोबाइल दुकानात ही तक्रार नेहमीची. अशा वेळी घाबरून फोन ‘रीसेट’ करणारे किंवा दिसेल ते अ‍ॅप उतरवून घेणारे अनेक जण हाती राहिलेले नंबरही घालवून बसतात. खरे तर बहुतेकदा नंबर पुसले गेलेले नसतात, ते वेगळ्याच जागी असतात. ती जागा कोणती, हे कळले की निम्मे काम होते.

नंबर नेमके कुठे साठवले जातात?

नंबर ‘फोनमध्ये’ आहेत असे आपण म्हणतो, पण ते चार ठिकाणी असू शकतात. पहिले ठिकाण सिम कार्ड. दुसरे फोनची स्वतःची मेमरी. तिसरे गूगल, आयक्लाउड किंवा सॅमसंगसारखे खाते. चौथे नोकरीच्या ठिकाणी मिळालेले ईमेल खाते. फोनमधले कॉन्टॅक्ट्सचे अ‍ॅप ही चारही ठिकाणे एकत्र करून एकच यादी दाखवते. त्यामुळे कोणता नंबर कुठला, हे एरवी कळत नाही. फोन हरवला, बिघडला किंवा बदलला की ते समजते.

सिमची जागा फारच तोकडी. त्यावर साधारण २५० नोंदी मावतात, लांब नावे तुटतात आणि ईमेल, पत्ता, फोटो बहुधा राहत नाहीत. देशभरात २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. मात्र कंपनी बदलली की सिम नवे मिळते आणि जुन्या सिमवरची नावे जुन्याच सिमवर राहतात. फोनच्या मेमरीतले नंबर फोनबरोबर जातात. नोकरी सोडल्यावर कार्यालयाचे खाते बंद झाले, की त्यात साठवलेले नंबरही जातात. वर्षानुवर्षे जमवलेले ग्राहकांचे आणि पुरवठादारांचे नंबर असे एका दिवसात गेल्याचा अनुभव अनेकांना आहे.

नावे दिसत नसतील तर आधी काय तपासावे?

आधी गाळणी तपासावी. अँड्रॉइड फोनवर कॉन्टॅक्ट्स अ‍ॅपमध्ये एकाच खात्याचे नंबर दाखवण्याची सोय असते. चुकून तिथे बोट लागले तर बाकीची नावे लपतात. तिथे ‘ऑल कॉन्टॅक्ट्स’ निवडावे. आयफोनवर कॉन्टॅक्ट्स अ‍ॅपच्या वरच्या कोपऱ्यातल्या ‘लिस्ट्स’मध्ये जाऊन हीच निवड करता येते.

तरीही नावे आली नाहीत, तर संगणकावर किंवा दुसऱ्या फोनवर ब्राउझर उघडून कॉन्टॅक्ट्स डॉट गूगल डॉट कॉम या पत्त्यावर आपल्या जीमेलने जावे. आयफोनवाल्यांनी आयक्लाउड डॉट कॉमवर पाहावे. तिथे नावे दिसली तर काळजीचे कारण नाही. नंबर सुरक्षित आहेत, फोनपर्यंत पोहोचत नाहीत एवढेच. एकापेक्षा जास्त जीमेल खाती असतील तर प्रत्येक खाते उघडून पाहावे. जुना फोन विकत घेताना दुकानदाराने घाईत काढून दिलेल्या आणि नंतर विसरलेल्या खात्यातच नंबर सापडतात, असे पुष्कळदा होते.

सिंक मध्येच का थांबते?

खात्यातली आणि फोनमधली यादी सारखी ठेवण्याच्या क्रियेला सिंक म्हणतात. ती थांबण्याची कारणे बहुधा साधी असतात. खात्याचा पासवर्ड बदलला, पण फोनवर नवा टाकला नाही. बॅटरी सेव्हर किंवा डेटा सेव्हर चालू राहिला, त्यामुळे पडद्यामागची कामे बंद पडली. किंवा सिंकचे बटणच बंद आहे. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स’मध्ये आपले खाते उघडून ‘अकाउंट सिंक’खाली ‘कॉन्टॅक्ट्स’ चालू आहे का, ते पाहावे. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टिचकी मारून आयक्लाउडमध्ये कॉन्टॅक्ट्स चालू आहे का, ते पाहावे.

एवढे करूनही उपयोग झाला नाही तर फोनवरून खाते काढून पुन्हा जोडणे हा उपाय आहे. पण तो शेवटचा. खाते काढताच त्याचे नंबर फोनवरून जातात आणि पुन्हा जोडल्यावर खात्यातून परत येतात. जे नंबर खात्यापर्यंत कधी पोहोचलेच नव्हते, ते मात्र येत नाहीत. म्हणून त्याआधी यादीची प्रत काढून ठेवणे आवश्यक.

पुसलेले नंबर परत मिळतात का?

मिळतात, पण मुदतीत. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये पुसलेली नोंद ‘ट्रॅश’मध्ये ३० दिवस राहते आणि तिथून परत आणता येते. संपूर्ण यादीच बिघडली असेल तर संगणकावर गूगल कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंग्जमधल्या ‘अनडू चेंजेस’ या सोयीने यादी गेल्या ३० दिवसांतल्या हव्या त्या वेळेसारखी करता येते. मात्र त्या वेळेनंतर टाकलेले नवे नंबर जाऊ शकतात, ते आधी टिपून ठेवावेत. आयक्लाउडच्या संकेतस्थळावर ‘डेटा रिकव्हरी’मध्ये कॉन्टॅक्ट्सच्या जुन्या प्रती असतात. थोडक्यात, नंबर गेल्याचे लक्षात आल्यावर ‘बघू सवडीने’ म्हणणे महागात पडते.

एकच नाव तीन-तीनदा का दिसते?

तोच नंबर सिमवर, फोनमध्ये आणि खात्यात असला की नाव तीनदा दिसते. शिवाय आपण एकच क्रमांक कधी नुसते दहा आकडे, कधी आधी शून्य, तर कधी +९१ लावून टाकतो. लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना शून्य लावणे जानेवारी २०२१ पासून बंधनकारक झाले, तेव्हा अनेकांनी शून्यासह नव्या नोंदी केल्या. सर्व नंबर +९१ लावून ठेवणे उत्तम. परदेशातल्या नातेवाइकांना आणि आपण परदेशी गेल्यास आपल्यालाही तोच नंबर लागतो. गूगल कॉन्टॅक्ट्समधल्या ‘मर्ज अँड फिक्स’ने दुहेरी नोंदी एकत्र होतात. पण एकाच नावाची दोन माणसे असू शकतात, त्यामुळे सगळ्या नोंदी एका झटक्यात जोडू नयेत. गावातल्या दोन ‘पाटील काकां’ची एक नोंद झाली की पंचाईत होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर नावांऐवजी आकडे का दिसतात?

व्हॉट्सअ‍ॅप नावे मुख्यतः फोनच्या यादीतून घेते. त्यामुळे आधी त्याला कॉन्टॅक्ट्स वाचण्याची परवानगी आहे का, ते पाहावे. परवानगी नसेल तर आकडेच दिसतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने नंबर केवळ व्हॉट्सअ‍ॅपमध्येच साठवण्याची सोय जाहीर केली. असा नंबर फोनच्या यादीत येत नाही आणि साधा फोन लावताना सापडत नाही.

घरात एकच जीमेल वापरण्यात धोका काय?

आईला नवा फोन दिला आणि त्यात मुलाने आपलेच जीमेल टाकले, हे आपल्याकडे घरोघरी दिसते. मग मुलाच्या कार्यालयातले नंबर आईच्या फोनवर येतात आणि आईच्या भिशीतल्या मैत्रिणींचे मुलाच्या. ‘हे कोण?’ म्हणत मुलाने दहा अनोळखी नावे पुसली, की ती आईच्या फोनवरूनही जातात. सिंक हा आरसा आहे. एका बाजूला पुसले की दुसऱ्या बाजूलाही पुसले जाते. म्हणून सिंक चालू आहे म्हणजे बॅकअप आहे, ही समजूत चुकीची. घरातल्या प्रत्येकाचे खाते स्वतंत्र हवे आणि त्याचा पासवर्ड त्या व्यक्तीला ठाऊक हवा.

खरी प्रत कशी काढावी?

गूगल कॉन्टॅक्ट्समधल्या ‘एक्स्पोर्ट’ने सगळी यादी एका व्हीसीएफ फाइलमध्ये उतरते. आयफोनवर ‘लिस्ट्स’मध्ये यादीवर बोट दाबून धरले की हाच पर्याय येतो. ही फाइल छोटी असते आणि अँड्रॉइड व आयफोन, दोन्हींवर उघडते. ती स्वतःलाच ईमेल करावी किंवा संगणकावर ठेवावी. दर तीन-चार महिन्यांनी नवी काढावी.

‘रिकव्हरी’ अ‍ॅप घ्यावे का?

शक्यतो नाही. वर सांगितलेल्या सोयी फुकट आहेत. अनोळखी अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्सची परवानगी देणे म्हणजे शेकडो माणसांचे नंबर त्यांना न विचारता तिसऱ्याला देणे. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी वसुलीसाठी कर्जदाराच्या नातेवाइकांना फोन करून छळल्याचे प्रकार घडल्यानंतर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांत अशा अ‍ॅपना कॉन्टॅक्ट्सची यादी वाचण्यास मनाई केली. आपली यादी फक्त आपली नसते, हेच त्यातून दिसले. ‘नंबर परत मिळवून देतो’ म्हणत कोणी ओटीपी किंवा फोनचा ताबा मागितला तर देऊ नये. फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनवर तातडीने कळवावे.

मग करायचे काय?

नंबर साठवताना तो कुठे जातो आहे, हे फोनने दर वेळी ठळकपणे विचारायला हवे. तसे होत नाही. पहिल्यांदा जी जागा निवडली, तीच मुकाट्याने चालू राहते. फोन विकणारा दुकानदारही खाते उघडून देतो, पासवर्ड लिहून देत नाही. हा दोष वापरणाऱ्याचा नाही, पण फटका त्यालाच बसतो, आणि सर्वाधिक घरातल्या ज्येष्ठांना. तेव्हा येत्या रविवारी दहा मिनिटे काढावीत. आई-वडिलांचा फोन हाती घेऊन सिमवरचे नंबर त्यांच्या स्वतःच्या खात्यात घ्यावेत, नव्या नंबरांसाठी तेच खाते निवडावे, पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवावा. आणि त्याच वहीच्या पहिल्या पानावर घरातली माणसे, डॉक्टर व शेजारी यांचे पाच-सात नंबर मोठ्या अक्षरांत लिहावेत. रात्री-बेरात्री फोन बंद पडला, तर शेजारच्याच्या फोनवरून लावायला ते उपयोगी पडतील.