बॅटरी चार्ज होते, पण टिकत नाही?

मैत्रिणींनो, पापड-कुरडया आटोपल्या, माठ भरला, कूलरला नवा वाळा लागला. पण जिन्याखालच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीकडे कुणी पाहिले का? यवतमाळ, वणी, पुसदकडे पारा ४५ अंशांकडे झुकू लागला की तिचेही हाल होतात बरं का! “रात्रभर चार्ज होते, तरी पंखा तासभर चालत नाही,” ही तक्रार याच दिवसांतली. दोष चार्जिंगला दिला जातो. पुष्कळदा कमी असते ते पाणी.

चार्ज होताना बॅटरीतल्या थोड्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते उडून जाते, उन्हाळ्यात जास्तच. ॲसिड आतच राहते. म्हणून वरून घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. कुणी ॲसिड घाला म्हटले तरी ऐकू नका. बोअरचे पाणी तर नकोच. आपल्याकडच्या पाण्यात क्षार किती, ते कूलरच्या वाळ्यावर बसणारा पांढरा थर सांगतोच. पाणी उतरून आतल्या शिशाच्या पट्ट्या उघड्या पडल्या की त्या कायमच्या खराब होतात.

बारा व्होल्टच्या बॅटरीला सहा कप्पे असतात, सहाही पाहा. एरवी महिन्याने, चैत्र-वैशाखात पंधरा दिवसांनी. पाणी खुणेपर्यंत भरायचे ते चार्जिंग पूर्ण झाल्यावर. आधीच काठोकाठ भरले तर पातळी चढून ॲसिड बाहेर येते. पट्ट्या उघड्या दिसल्या तर मात्र त्या बुडतील इतकेच पाणी आधी घाला, मग चार्ज करा.

हे काम करताना इन्व्हर्टर बंद हवा. पाटल्या काढून ठेवा, मंगळसूत्र पोलक्यात खोचा. दोन टोकांना धातू एकदम लागला तर ठिणगी उडून भाजते. आणि कित्येक घरी बॅटरी देवघराच्या बाजूलाच असते, ते आधी बदला. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेट घेऊ शकतो, आणि तिथेच समई! बॅटरी मोकळ्या हवेत, पण सावलीत असावी.

आणखी एक. १५० ॲम्पिअर-तासांची रिकामी बॅटरी भरायला साधारण दहा-बारा तास लागतात. सकाळ-संध्याकाळ वीज जात असेल तर ती भरतच नाही. अशा दिवसांत तिच्यावर दोन पंखे, दोन दिवे पुरेत, कूलर नको.

टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर झाकणे घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, कोरडे करा आणि व्हॅसलीन लावा.