जिजाईचे भांडण आणि आमची सोय

'प्रभात'चा 'संत तुकाराम' (१९३६) वर्गात शिकवताना आम्ही मराठीचे अध्यापक दोनच सोप्या वाटा धरतो. भाविक असलो तर चित्रपटाला हात जोडतो. पुरोगामी असलो तर चमत्कार वगळून सालोमालोचे ढोंग आणि शास्त्र्यांचा अधिकार एवढेच फळ्यावर मांडतो. दोन्ही वाटांवर जिजाई मात्र 'कजाग बायको' म्हणूनच उरते. आमचा आक्षेप या सोयीला आहे आणि तो आमच्यावरही आहे.

गौरी यांनी साकारलेली जिजाई आठवावी. मूल आजारी, नवरा नामात दंग. ती मुलाला ओढत देवळात नेते आणि विठ्ठलावर पायताण उगारते. येथे प्रेक्षक हसतात. परंतु ही नास्तिकता नव्हे. जो नाहीच त्याच्यावर कोणी पायताण उगारत नाही. ती देवाला जाब विचारते, म्हणजेच त्याला उत्तरदायी मानते. देवाशी भांडणे ही वारकऱ्यांची जुनी रीत. जनाबाईंनी आणि खुद्द तुकोबांनीही विठ्ठलाला खडसावले आहे. मग संताचे भांडण तो अभंग आणि त्याच्या बायकोचे भांडण तो कजागपणा, हा कोणता न्याय?

शेवटी वैकुंठाचे विमान येते. तुकोबा जिजाईला सोबत बोलावतात. ती संसार सोडून निघत नाही. चमत्कार कापून चित्रपट 'वास्तववादी' करू पाहणाऱ्यांना आमचे सांगणे असे, की विमान खोटे ठरवले तर जिजाईचे मागे राहणेही पोकळ ठरते. वैकुंठ खरोखर दाराशी आले होते, म्हणूनच अंगणात उरण्याला वजन आहे. दामले-फत्तेलाल यांनी इंद्रायणीतून वर येणाऱ्या वह्या आणि घरातली चूल एकाच साधेपणाने दाखवली. त्यांच्या कॅमेऱ्याला जी भेदरेषा ठाऊक नव्हती, ती आम्ही का ओढावी?

कोणी म्हणेल, जिजाईला पर्याय तरी कुठे होता? पोरांना सोडून ती जाणार कशी? आक्षेप रास्त आहे. तो मान्य केला, की खरा धर्मशास्त्रीय प्रश्न उभा राहतो : एकाच्या मुक्तीचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडत असेल, तर त्या मुक्तीचे मोल कोणी चुकते केले? माणूसपण देवात विरघळण्यात आहे, की भुकेल्या मुलांपाशी थांबण्यात? चित्रपट निवाडा देत नाही. विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेवरील शांती आणि गौरींच्या आवाजातला त्रागा, दोन्ही तो सारख्याच आदराने जपतो.

तेव्हा 'जिजाईचे स्वभावचित्र रेखाटा' हा प्रश्न आता पुरे झाला. विमान उडून गेल्यावर त्या घरात चूल कोणी पेटवली, हे विद्यार्थ्यांना विचारावे. आणि आधी, आम्ही स्वतःला विचारावे.