‘रॅक गेलाय, साहेब’: स्टीअरिंगची गळती, गॅरेजचं बिल आणि दुरुस्तीचा हक्क

बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ, पहिल्या पिढीची इनोव्हा किंवा इंडिका वापरणाऱ्यांना गॅरेजमध्ये कधी ना कधी हे वाक्य ऐकावं लागतं. स्टीअरिंग जड झालेलं असतं, वळवताना बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज येत असतो आणि पार्किंगच्या जागी तेलाचा डाग पडलेला असतो. मेकॅनिक गाडीखाली एकदा डोकावतो आणि निकाल देतो, ‘रॅक गेलाय, साहेब. बदलावा लागेल.’ खरंच गेलेला असू शकतो. पण पॉवर स्टीअरिंगचं तेल जिथून जिथून गळू शकतं, त्यातली ही सगळ्यात महागडी जागा. तिचं नाव सगळ्यात शेवटी यायला हवं, पहिल्यांदा नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवरचा जीएसटी 18 टक्के झाला. त्याआधी बहुतेक भागांवर तो 28 टक्के होता. म्हणजे रॅकचं बिल थोडं हलकं झालं, चांगलंच आहे. पण जो भाग बदलायची गरजच नव्हती, त्यावर दहा टक्के वाचले याचा आनंद कसला?

आधी एक खात्री करून घ्या. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग असतं. त्यात मोटर असते, तेल नसतंच. स्विफ्ट किंवा वॅगनआरचं ‘स्टीअरिंग ऑइल’ कुणी बदलायला सांगत असेल, तर ‘टाकी कुठाय, दाखवा’ एवढंच म्हणायचं.

हायड्रॉलिक प्रकारात इंजिनच्या बेल्टवर एक पंप फिरतो. टाकीतलं तेल तो जाड पाइपातून रॅककडे दाबाने ढकलतो आणि काम झालेलं तेल दुसऱ्या, साध्या रबरी पाइपातून टाकीत परत येतं. टायरमध्ये हवेचा दाब साधारण 2 बार असतो. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की इथला दाब 70 ते 100 बारपर्यंत जातो. म्हणून उभ्या गाडीत कोरडा दिसणारा सांधा चालू गाडीत गळू शकतो, आणि बंद इंजिनची गाडी पाहून दिलेल्या निकालावर फार विसंबता येत नाही.

डाग कशाचा आहे हे घरीच कळतं. रात्री इंजिनखाली पांढरा पुठ्ठा सरकवा. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, सोडून द्या. हिरवट किंवा गुलाबी, पाण्यासारखं पातळ आणि बोटाला तेलकट न लागणारं असेल तर कूलंट. तपकिरी-काळं आणि दाट असेल तर इंजिन ऑइल. स्टीअरिंगचं तेल बऱ्याच गाड्यांत लालसर असतं, जुनं झालं की तेही तपकिरी होतं. त्यामुळे फक्त रंगावर जाऊ नका, टाकीवरच्या खुणांशी पातळी ताडून बघा. चार-सहा दिवसांत पातळी खाली गेली तर गळती तिथलीच.

आता नेमकी जागा. पुठ्ठ्यावर थेंब जिथे पडला त्याच्या बरोबर वर गळती असेलच असं नाही. तेल पाइपावरून ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. सगळा भाग आधी पुसून स्वच्छ करायचा, इंजिन चालू करायचं, एकाने स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं (टोकाला पाच सेकंदांहून जास्त धरून ठेवू नये, पंपावर ताण येतो) आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन पाहायचं. हात आणि ओढणी-शर्ट बेल्टपासून लांब. गाडीखाली शिरायचं काम मात्र गॅरेजच्या लिफ्टवर किंवा खड्ड्यावरच होऊ द्या, नुसत्या जॅकवर नाही. जिथे सगळ्यात वर ओलं दिसतं, तिथे मूळ. उभ्या गाडीखालीही डबकं साचत असेल तर बहुधा टाकी, परतीचा पाइप किंवा त्याची सैल क्लिप. हे काम काही शे रुपयांत निघतं. गाडी चालू असतानाच गळत असेल तर दाबाचा पाइप, त्याचा सांधा किंवा पंपाचं सील. आणि रॅक? त्याच्या दोन्ही टोकांना घडीचे रबरी बूट असतात. ते दाबून बघितले आणि आत तेल भरलेलं निघालं, तर मेकॅनिकचं म्हणणं बरोबर. तरीही अनेक रॅकची सील किट मिळते. दांडा गंजलेला किंवा चरे पडलेला नसेल तर नुसतं सील बदलून काम भागू शकतं.

‘गळती बंद करणारं’ म्हणून जे औषध बाटलीत विकतात, ते माझ्या मते लांबच ठेवावं. फाटलेला पाइप त्याने सांधत नाही. आणि नुसतं तेल ओतत राहणंही बरं नाही, कारण ते तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर ठिबकलं तर आग लागू शकते. तेल पार संपलं तरी चाकं वळतात, पण घाटात ऐनवेळी स्टीअरिंग दगडासारखं होतं.

मग विश्वासाचा मेकॅनिक कसा ओळखायचा? गोड बोलण्यावरून नाही, चकचकीत वेटिंग रूमवरूनही नाही. जो भाव सांगण्याआधी गळती दाखवतो, तो. ‘इंजिन चालू ठेवून दाखवाल का?’ हा प्रश्न त्याला आवडला नाही, तर गाडी तशीच बाहेर काढा. काढलेला जुना भाग परत मागायचा, हे आधीच सांगून ठेवा. ओरिजनल भाग की लोकल, हे अंदाजपत्रकावर लिहून घ्या. पक्कं बिल मागण्यात संकोच नको: ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. ज्याची जीएसटी नोंदणीच नाही, त्या छोट्या गॅरेजला बिलात जीएसटी लावता येत नाही, तेवढं पाहून घ्या.

‘बाहेर काम केलं तर वॉरंटी गेली’ ही भीती दाखवली जाते, तिलाही उत्तर आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. आरोप असा की सुटे भाग आणि तपासणीची साधनं त्या खुल्या बाजारात येऊच देत नाहीत. बाहेरच्या मेकॅनिककडे गेलात म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, चुकीच्या दुरुस्तीने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असंही आयोगाने बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाच्या रकमेचा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. ज्या चार क्षेत्रांपासून सुरुवात झाली, त्यात वाहनं आहेत.

अडचण पुढेच आहे. तेलाची गळती टॉर्चने दिसते, कोपऱ्यावरचा मिस्त्रीही ती शोधतो. इलेक्ट्रिक स्टीअरिंग जड झालं तर डॅशबोर्डवर फक्त एक दिवा लागतो. बिघाड सेन्सरचा, मोटरचा की नुसत्या वायरिंगचा, हे स्कॅनरशिवाय कळणं कठीण, आणि भाग बदलल्यावर काही गाड्यांत तो कंपनीच्या सॉफ्टवेअरने जुळवून घ्यावा लागतो. दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकावर नेमलेल्या समितीने मे 2025 मध्ये केंद्राला अहवाल दिला, पण त्याची सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून आहे. गाडीच्या संगणकातली माहिती कोपऱ्यावरच्या मिस्त्रीपर्यंत कशी पोचणार, हे त्यात नाही.