महाडच्या वाटेवरचा प्रश्न

उरणहून महाडला निघालो होतो. एसटीने पेण मागे टाकले तेव्हा खिडकीशी बसलेल्या मुलीने विचारले, "पप्पा, कोकणात एवढा पाऊस पडतो, मग पाण्यासाठी सत्याग्रह कशाला?"

मी वकील. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा संगर आणि त्या खटल्याचा १७ मार्च १९३७ चा हायकोर्टाचा निकाल मी सभांतून कित्येकदा सांगितला. घरात मात्र एकदाही नाही.

तिला मी १९०१ च्या सुमाराचा प्रवास सांगितला. काही मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाली. मसूर स्टेशनवर जात कळताच कोणी गाडीवान त्यांना बसवून न्यायला तयार होईना. दुप्पट भाडे मोजून मुलांनी स्वतः बैलगाडी हाकली. जवळ जेवण होते, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. त्या मुलांत भीमराव होते.

ती म्हणाली, "तुमच्याशी कोणी असं वागलं?"

आडनाव विचारून भाड्याची खोली नाकारलेला दिवस मी तिला पहिल्यांदाच सांगितला.

मुलांना त्रास नको म्हणून आपण अपमान लपवतो. मग तोच अपमान त्यांना उद्या एकट्याने गाठतो. घरी टीव्ही असतो, पाहुणे असतात. प्रवासात मायबाप आणि लेकरू शेजारी बसतात, उठून जाता येत नाही.

२० मार्च २०२७ ही महाडच्या संगराची शताब्दी. बांधवांनो, मुलांना केवळ गर्दी दाखवायला नेऊ नका. वाटेत त्यांना विचारू द्या आणि खरे उत्तर द्या.