आधी राजीनामा, मग स्टेटस!

एप्रिल २०२४. पुण्यातल्या एका तरुणाने नोकरीच्या शेवटच्या दिवशी ऑफिसबाहेर ढोल आणवले आणि साहेबांसमोरच नाच केला. व्हिडिओ देशभर फिरला. जाचाला कंटाळलेल्या अनेकांना तो नाच आपलाच वाटला. त्यातला राग समजण्यासारखा आहे. पण ढोल थांबल्यावर काय?

राजीनाम्यानंतर काय उरते?

राजीनामा हा निरोप असतो, तसाच व्यवहारही असतो. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचे प्रमाणपत्र, अखेरचा हिशेब हे सारे त्यानंतरच हातात पडते. आयटीत तर नोटीस पिरियड अनेकदा ९० दिवसांचा असतो. म्हणजे ज्यांच्यावर पोस्ट लिहिली, त्यांच्याच शेजारी तीन महिने बसायचे! नवी कंपनी पडताळणीसाठी जुन्या एचआरलाच विचारते. पोस्ट डिलीट करता येते, स्क्रीनशॉट नाही.

क्रम कसा असावा?

आधी वरिष्ठांशी बोला, मग मेल करा, मग सहकाऱ्यांना सांगा. तुमचा राजीनामा साहेबांना लिंक्डइनवरून कळू नये. कामे लेखी सोपवा. पगाराच्या पावत्या वेळीच उतरवून घ्या. पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख भरली का, तेही पाहा. कंपनीने भरली नसेल, तर दोन महिन्यांनी ती स्वतःलाही ऑनलाइन भरता येते. सलग पाच वर्षे पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले असतील, तर ग्रॅच्युइटीचा हिशेब करूनच तारीख ठरवा.

मग अन्याय गिळायचा?

मुळीच नाही. सभ्यपणा म्हणजे मूग गिळून बसणे नव्हे. पगार थकवला असेल, तर कामगार आयुक्तांकडे दाद मागता येते. महिलेचा लैंगिक छळ झाला असेल, तर २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते. त्यासाठी साधारण तीन महिन्यांची मुदत असते. म्हणून चॅट आणि मेल जपून ठेवा. पोस्टला लाइक मिळतात, तक्रारीची पोच मिळते. पुढे कामी येते ती पोच.

कंपन्यांनीही आरशात पाहावे. राजीनामा देताच माणसाला परका करायचे, कागद अडवायचे, हिशेब लांबवायचा आणि वर 'कंपनीची बदनामी झाली' म्हणून ओरडायचे, हे चालणार नाही. जाणाऱ्याने दार आपटू नये, हे खरे. पण ते दार सन्मानाने उघडून देणे ही मालकाची जबाबदारी आहे. ती पाळली गेली, तर ऑफिसबाहेर ढोल आणायची वेळच कुणावर येणार नाही.