मानशीचे दार आणि कोरगुटाचे भात

खाऱ्या पाण्यावर शेती पिकविता येईल काय, हा प्रश्न आज जगभर विचारला जात आहे. गोमंतकाने त्याचे उत्तर शतकांपूर्वीच दिले आहे. मांडवी-जुवारीच्या काठची खाजने हेच ते उत्तर होय.

मात्र त्याचा चुकीचा अर्थ लावू नये. खाजनात उभ्या पिकाला खारे पाणी पाजीत नाहीत. भरतीच्या रेट्याने मानशीचे दार मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या भाराने उघडते. पावसाच्या सरी जमिनीतील मीठ धुऊन नेतात आणि मग कोरगुटाचे भात रुजते. कापणीनंतर बेताने आत घेतलेले खारे पाणी मासळी आणि सुंगटे देऊन जाते. मिठाला येथे मज्जाव नाही. त्याची वेळ तेवढी नेमून दिलेली आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. असे पाणी मुळांशी साचले तर झाडाला पाणी शोषता येत नाही आणि मातीची घडणही बिघडते. पाऊस आणि निचरा यांवाचून त्यावर इलाज नाही.

जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून क्षार सोसणारे नवे वाण काढले, याचे आम्ही स्वागत करतो. परंतु बांधच फुटला, तर बियाणे कितीही गुणी असले तरी काय करणार?

बांधांची निगा पूर्वी गावकारी पाहत असे. 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीचा हक्क दिला. तो न्यायच होता. जुनी व्यवस्था परत यावी असे आम्ही म्हणणार नाही. पण हक्क प्रत्येकाच्या वाट्याला आला आणि बांध मात्र कोणाचाच उरला नाही, अशी स्थिती अनेक ठिकाणी दिसते. बारमाही मासळीच्या लोभाने मानशीचे दार पिकाच्या दिवसांतही उघडे राहिले, तर एकाच्या जाळ्यासाठी साऱ्या वाड्याचे भात जाते.

म्हणून मानशीच्या लिलावाचा पैसा आधी बांधावर खर्च व्हावा, पिकाच्या हंगामात खारे पाणी आत घेणाऱ्याचा ठेका तत्काळ रद्द व्हावा आणि कूळ संघांनी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक बांधाची पाहणी करावी. सरकारने कारवाईस विलंब लावू नये आणि शेतकऱ्यांनीही केवळ सरकारकडे पाहत बसू नये. भरती कोणासाठी थांबत नाही.