चित्र कळत नाही, की कळून घ्यायचे नाही?

आधुनिक चित्रासमोर उभा राहिला की आपल्याकडचा शिकलासवरलेला माणूस एक वाक्य हमखास टाकतो, 'आपल्याला बुवा यातले काही कळत नाही!' यात नम्रता कमी आणि फुशारकीच अधिक. चित्र युद्धाविरुद्ध असले तर दुसरे वाक्यही तयार असते, 'सैनिकांच्या मुलखात हे कशाला?' मला ही दोन्ही वाक्ये खोटी वाटतात.

सीमाभागातल्या माणसाला प्रतीक कळत नाही? पाटीवर कोणती अक्षरे वर आणि कोणती खाली, यावरून आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलो. भगव्याला आपण कापड म्हणत नाही. रांगोळीतले गोपद्म पाहून 'गाय कुठे आहे?' असे विचारत नाही. मग चित्रातल्या बैलानेच काय घोडे मारले?

१९४७च्या दंगलीत मुंबईच्या महंमद अली रोडवर जमावाने एका तरुणाला ठेचून मारले. तय्यब मेहतांनी ते खिडकीतून पाहिले आणि ते जन्मभर विसरू शकले नाहीत. त्यांनी जमाव रंगवला नाही. पाय बांधून आडवा पाडलेला बैल रंगवला, कोसळणारी माणसे रंगवली. १९७०च्या 'कूडल' या लघुपटासाठी ते वांद्र्याच्या कत्तलखान्यात कॅमेरा घेऊन गेले. अंगात एवढे बळ, आणि हलता येत नाही! हे उमजायला कलाशाळेचा दाखला लागत नाही. उचगावच्या मळेकरणीच्या आमराईत बांधलेला बोकड ज्याने पाहिला आहे, त्याला तर मुळीच नाही.

युद्धाच्या चित्राचेही तेच. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधल्या गेर्निका गावावर बाँब पडले. पिकासोच्या सुमारे पावणेआठ मीटर लांबीच्या चित्रात विमान नाही, शत्रूचा झेंडा नाही. विव्हळणारा घोडा आहे, मेलेले मूल घेतलेली आई आहे, मोडक्या तलवारीपाशी एक लहानसे फूल आहे. झेंडा नाही, म्हणूनच ते कोणत्याही गावाचे होते. फेब्रुवारी २००३मध्ये इराकवरच्या युद्धाची बाजू संयुक्त राष्ट्रसंघात मांडली गेली, तेव्हा तिथे टांगलेल्या त्याच्या विणीव प्रतीवर निळा पडदा ओढला होता. न कळणाऱ्या चित्रावर कुणी पडदा टाकतो का?

आता सैनिकांविषयी. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे. आपल्या गावांतली पोरे भरतीला जातात, त्याचा अभिमान रास्तच आहे. पण पूर्वी ज्या घरी तार यायची आणि आता फोन येतो, त्या घरातल्या आईचे चित्र कोण काढणार? युद्धविरोधी चित्र सैनिकाची टिंगल करत नाही. त्याच्या जिवाची किंमत ते आपल्याला विचारते. ती विचारायचा हक्क पोरे पाठवणाऱ्या मुलखाला नाही, तर कुणाला?

बेळगावने के. बी. कुलकर्णींसारख्या गुरूकडून हुबेहूब चित्राची नजर मिळवली. ती मोलाचीच आहे. पण चेहरा जुळला की पाहणे संपले, असे कोणत्याही खऱ्या गुरूने शिकवले नसेल.

म्हणून एवढेच मागणे. उचगावच्या साहित्य संमेलनात एक खोली अशा चित्रांच्या छापील प्रतींना द्या. भिंतीवर अश्वारूढ शिवराय हवेतच. समोरच्या भिंतीवर त्या आईलाही जागा असू द्या. मुलांना अर्थ सांगत बसू नका, नुसते पाहू द्या. 'कळत नाही' हे वाक्य ती आपल्याकडूनच शिकतात.